औषध लागूं पडेनासें कां होतें?

यवतमाळाहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळंब हें तालुक्याचें गांव आहे. जमिनीच्या पातळीखालीं असलेल्या चिंतामणीच्या देवळामुळें त्याचें नांव दूरवर ठाऊक आहे. परंतु त्या भागांतील संसार चालतो तो मुख्यतः कापसावर. बोंडअळी हा कापसाचा जुना शत्रु. २००२ सालीं बीटी कापसाच्या लागवडीस भारतांत परवानगी मिळाली. या कापसाच्या झाडांत, मातींतील एका जंतूपासून घेतलेल्या जनुकामुळें, अळीस मारक असें एक प्रथिन तयार होतें. २००६ सालीं अशीं दोन प्रथिनें असलेलें बियाणें आलें. पहिल्या कांहीं वर्षांत अळी हटली आणि शेतकऱ्यास हायसें वाटलें. पुढें मात्र गुलाबी बोंडअळी त्या विषास दाद देईनाशी झाली, आणि २०१७ सालच्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यानें तिचा कहर पाहिला. बियाणें तेंच, वावर तेंच, विषही तेंच. पण अळी मरेना.

याच गाऱ्हाण्याचें दुसरें रूप रुग्णालयाच्या ओसरीवर ऐकूं येतें. कळंबच्या पंचक्रोशींतील कर्करोगाचे रुग्ण सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत, नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयांत, किंवा थेट मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत जातात. त्यांपैकीं कित्येकांच्या घरचा अनुभव असा कीं, पहिल्या खेपेस औषधानें गांठ विरघळली, रुग्णास अन्न गोड लागूं लागलें, घरांत पेढे वाटले गेले. आणि कांहीं महिन्यांनीं तीच गांठ पुन्हां वर आली. तेंच औषध पुन्हां दिलें, पण या वेळीं तें लागूं पडलें नाहीं. दागिने मोडून किंवा वावराचा एखादा तुकडा गहाण टाकून ज्या घरानें उपचारास पैसा उभा केला, त्या घरास हा घाव फार मोठा असतो. मग कोणी म्हणतो, औषध बनावट होतें. कोणी म्हणतो, डॉक्टरांनीं हयगय केली. कोणी रुग्णावरच पथ्य न पाळल्याचा ठपका ठेवतो. आणि उरलेले दैवास बोल लावतात.

असा कोणताही आरोप करण्यापूर्वीं पेशीच्या दारांत काय घडतें तें पाहणें अवश्य आहे. कारण पुष्कळ वेळां औषध शुद्ध असतें, तें योग्य मात्रेनें दिलेलें असतें, आणि रक्तांतून गांठीपर्यंत पोंचलेलेंही असतें. परंतु ज्या पेशीस तें मारावयाचें, ती पेशीच त्यास आंत टिकूं देत नाहीं.

मनुष्याचें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे. प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध द्रव्याचें एक अतिशय पातळ, दुपदरी आवरण असतें. तेलाच्या थरांतून मीठ-साखरेचें पाणी पलीकडे जात नाहीं, त्याचप्रमाणें पाण्यांत विरघळणारे पुष्कळसे पदार्थ या आवरणांतून आपोआप पार होऊं शकत नाहींत. साखर, क्षार, जीवनसत्त्वें हीं आंत यावयाचीं आणि निरुपयोगी द्रव्यें बाहेर जावयाचीं, तर त्यांसाठीं दारें हवींत. हीं दारें म्हणजे आवरणांत आरपार रोवलेलीं प्रथिनें होत. त्यांस वाहक प्रथिनें असें म्हणतात. कांहीं वाहक पदार्थ आंत घेतात, कांहीं बाहेर काढतात.

बाहेर काढणाऱ्या वाहकांपैकीं कांहींचें काम विहिरीवरील पंपासारखें असतें. विहिरीचे झरे चालू असले, तरी पंप जोरानें उपसूं लागला कीं पाण्याची पातळी वर चढत नाहीं. कर्करोगाच्या कित्येक औषधांची हीच गत होते. तीं पेशींत झिरपत असतात. पण जितकीं आंत येतात तितकीं बाहेर फेकलीं गेलीं, तर पेशीस मारण्याइतका त्यांचा सांठा आंत होतच नाहीं. पंपास वीज लागते, तसें या वाहकांस एटीपी नांवाचें रासायनिक इंधन लागतें. स्नायूंच्या हालचालीपासून मेंदूच्या व्यापारापर्यंत शरीराचीं बहुतेक कामें याच इंधनावर चालतात. या इंधनावर चालणाऱ्या वाहकांच्या एका मोठ्या कुळास एबीसी असें आद्याक्षरी नांव आहे. मनुष्याच्या जनुकसंचांत या कुळाचीं ४८ जनुकें आहेत.

एवढी साधी वाटणारी गोष्ट उमगण्यास शास्त्रज्ञांस तीन तपांच्या जवळपास काळ लागला. १९४२ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत, युद्धांतील विषारी वायूच्या अभ्यासांतून निघालेलें नायट्रोजन मस्टर्ड हें द्रव्य कर्करोगाच्या एका रुग्णास प्रथम देण्यांत आलें. त्याच्या गांठी झपाट्यानें ओसरल्या. पण त्या परत आल्या, आणि पुढच्या प्रत्येक खेपेस औषधाचा गुण उतरत गेला. १९४८ सालीं बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनीं रक्ताच्या कर्करोगानें ग्रासलेल्या मुलांना अमिनॉप्टेरिन दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्यांच्या मार्गदर्शनाखालीं हें औषध तयार झालें ते यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रांतून अमेरिकेस गेलेले भारतीय होते. अंथरुणास खिळलेलीं कांहीं मुलें हिंडूं-फिरूं लागलीं. परंतु थोड्याच महिन्यांत रोग उलटला.

यानंतर नवीं औषधें मिळत गेलीं, आणि त्यांतील एक तर महाराष्ट्रांतील घरोघरच्या अंगणांत उभें होतें. सदाफुलीच्या पानांत मधुमेहावर कांहीं गुण आहे काय, याचा शोध घेत असतां कॅनडांतील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांना १९५८ च्या सुमारास विनब्लास्टीन हें द्रव्य सांपडलें. तें मधुमेहावर चाललें नाहीं; पण त्यानें रक्तांतील पांढऱ्या पेशींची संख्या घटते असें दिसून आलें. त्याच झाडापासून पुढें विनक्रिस्टीन मिळालें. हीं दोन्ही औषधें कर्करोगावर आजही वापरांत आहेत. मातींतील सूक्ष्म जंतूंपासून डॉनोरुबिसीन आणि डॉक्सोरुबिसीन हीं औषधें निघालीं, तर यू नांवाच्या वृक्षाच्या सालींतून पॅक्लिटॅक्सेल मिळालें. या औषधांची घडण एकमेकांहून अगदीं भिन्न आहे. सदाफुलीचें औषध आणि पॅक्लिटॅक्सेल हीं पेशीच्या विभाजनास लागणाऱ्या तंतूंची व्यवस्था दोन निरनिराळ्या रीतींनीं बिघडवितात. डॉक्सोरुबिसीन हें पेशीच्या जनुकद्रव्यावर घाला घालतें. म्हणून एका औषधास न जुमानणारी पेशी दुसऱ्यानें तरी मरेल, अशी अपेक्षा करणें स्वाभाविक होतें.

१९७० सालीं या अपेक्षेस धक्का बसला. न्यूयॉर्क येथें ज्यून बीडलर आणि हॅन्सयोर्ग रीम यांनीं हॅम्स्टर नांवाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी प्रयोगशाळेंत वाढविल्या आणि त्यांस ॲक्टिनोमायसीन हें एकच औषध हळूहळू चढत्या मात्रेनें दिलें. कांहीं काळानें त्या पेशी त्या औषधास निर्ढावल्या, यांत नवल नव्हतें. नवल हें कीं, ज्या औषधांशीं त्यांचा पूर्वीं कधीं संबंधही आला नव्हता, अशा दुसऱ्या कित्येक औषधांसही त्या जुमानीनाशा झाल्या. एका चोरास अडवावयास शिकलेल्या राखणदारानें न पाहिलेल्या दहा चोरांसही ओळखावें, असा हा प्रकार होता.

१९७३ सालीं डेन्मार्कचे केल्ड डानो यांनीं दाखविलें कीं, निर्ढावलेल्या पेशी औषध बाहेर टाकतात, आणि त्यांस इंधन मिळूं दिलें नाहीं तर तेंच औषध त्यांच्या आंत सांचूं लागतें. अर्थात् हें काम इंधनावर चालणाऱ्या कोणत्या तरी यंत्रणेचें असलें पाहिजे, हें उघड झालें. तीन वर्षांनीं, १९७६ सालीं, टोरांटो येथें रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांना ती यंत्रणा हातीं लागली. आपल्या रानांत कळलावी म्हणून जी वेल आढळते, तिच्यांतही असणारें कोल्चिसीन हें विष त्यांनीं प्रयोगास घेतलें होतें. त्या विषास न जुमानणाऱ्या पेशींच्या आवरणांत एक मोठें प्रथिन विपुल आढळलें. साध्या पेशींत तें दिसत नव्हतें. पेशी जितकी अधिक निर्ढावलेली, तितकें हें प्रथिन अधिक. त्यास पी-ग्लायकोप्रोटीन असें नांव मिळालें. त्या प्रथिनास साखरेच्या सांखळ्या जडलेल्या असतात, म्हणून ग्लायकोप्रोटीन. आणि आवरणाच्या पारगम्यतेशीं त्याचा संबंध, म्हणून त्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें पी हें आद्याक्षर.

१९८६ सालीं या प्रथिनाच्या जनुकाची संपूर्ण मांडणी वाचली गेली, तेव्हां आणखी एक गोष्ट कळली. १२८० अमिनो आम्लांचें हें प्रथिन जीवाणूंमधील वाहक प्रथिनांशीं नात्यानें जवळचें निघालें. याचा अर्थ, विष बाहेर टाकण्याची ही कला मनुष्य किंवा त्याचा रोग निर्माण होण्याच्या कितीतरी पूर्वींपासून जीवसृष्टींत चालत आलेली आहे.

हा पंप चालतो कसा? हें प्रथिन पेशीच्या आवरणांतून बारा वेळां आरपार जातें, आणि मधोमध एक पोकळी राहते. पेशीच्या आंतील बाजूस एटीपी धरून ठेवण्याच्या दोन जागा असतात. प्रारंभीं पोकळीचें तोंड आंतल्या बाजूस उघडें असतें. औषधाचा कण आवरणांत शिरतो न शिरतो तोंच बहुधा तेथूनच तो या पोकळींत ओढला जातो. मग एटीपी त्या दोन जागीं बसतें, प्रथिनाचे दोन्ही अर्धे भाग एकमेकांस येऊन मिळतात, आंतलें तोंड मिटतें, बाहेरचें उघडतें, आणि औषध पेशीच्या बाहेर पडतें. नंतर एटीपीचें विघटन होऊन पंप पूर्वस्थितीस येतो. ही पोकळी ऐसपैस आहे आणि तिच्या भिंती स्निग्ध द्रव्यांस अनुकूल आहेत. त्यामुळें एकाच किल्लीस बसणाऱ्या कुलुपाप्रमाणें तिची निवड कांटेकोर नसते. नाना आकारांचीं द्रव्यें तींत मावतात. सदाफुलीचें औषध, जंतूंचें औषध आणि सालीचें औषध हीं तिन्ही एकाच पंपानें कशीं फेकलीं जातात, याचें उत्तर येथें आहे.

या यंत्राचा पुरावा पेशीबाहेरही मिळाला. डॉ. सुरेश अंबुडकर आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९२ सालीं हें प्रथिन पेशींतून काढून, अंशतः शुद्ध करून, स्निग्ध द्रव्याच्या कृत्रिम पुटकुळ्यांत बसविलें. तेथें विनब्लास्टीनसारखें औषध घालतांच एटीपी अधिक वेगानें खर्ची पडूं लागलें. पेशीचा इतर कोणताही भाग सोबत नसतांना हें घडलें, म्हणजे औषध ओळखण्याची आणि त्यासाठीं इंधन खर्चण्याची शक्ति या एका प्रथिनाच्या अंगींच आहे, हें सिद्ध झालें. पुढें डॉ. अंबुडकर यांनीं अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत याच विषयाचा व्यासंग चालविला. दरम्यान याच कुळांतील आणखी पंप उघडकीस आले. १९९२ सालीं कॅनडांत सुसान कोल आणि रॉजर डीली यांना फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींत एक निराळा पंप सांपडला, आणि १९९८ सालीं स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत तिसरा.

आतां खरा प्रश्न असा कीं, कर्करोगाच्या पेशीनें हा पंप आणला कोठून? तिनें तो कोठूनही आणलेला नाहीं. तो शरीराचाच आहे. आंतड्याच्या अस्तरांत, यकृतांत, मूत्रपिंडांत आणि मेंदूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींत हे पंप निरोगी मनुष्यांतही अहोरात्र चालू असतात. अन्नाबरोबर पोटांत गेलेलीं नाना वनस्पतिजन्य विषें रक्तांत शिरूं नयेत, शिरलींच तर पित्तावाटे व लघवीवाटे बाहेर पडावींत, आणि मेंदूपर्यंत तर मुळींच पोंचूं नयेत, यासाठीं निसर्गानें केलेली ही राखण आहे. १९९४ सालीं नेदरलंड्समधील कर्करोग संस्थेंत आल्फ्रेड शिंकेल यांच्या प्रयोगशाळेंत ज्यांच्यांत या पंपाचें एक जनुक निकामी केलें आहे असे उंदीर तयार केले होते. ते दिसण्यांत अगदीं धडधाकट होते. पुढें पिंजऱ्यांतील उंदरांच्या अंगावरील बारीक किडी मारण्यासाठीं आयव्हरमेक्टिन फवारण्यांत आलें. गुराढोरांस सर्रास दिलें जाणारें हें औषध साध्या उंदरांस मानवलें. पंप नसलेले उंदीर मात्र मेले. त्यांच्या मेंदूंत तें औषध कित्येक पटींनीं अधिक शिरलें होतें. राखणदाराचें मोल तो नसतांना कळतें, तें असें.

मूत्रपिंड, मोठें आंतडें, यकृत यांच्या कर्करोगांपैकीं कित्येक प्रारंभापासूनच औषधास दाद देत नाहींत, याचें एक कारण यांतूनच उलगडतें. ज्या अवयवांत हे पंप मुळांतच विपुल, तेथील रोगग्रस्त पेशींस ते वारशानें मिळतात. इतर कर्करोगांत ते मागाहून वाढतात. गांठींत कोट्यवधि पेशी असतात आणि त्या सर्व सारख्या नसतात. एखाद्या पेशींत पंपाच्या जनुकाच्या जादा प्रती झालेल्या असतात, एखादींत तें जनुक अधिक जोरानें जागें झालेलें असतें. औषध आलें कीं दुबळ्या पेशी मरतात आणि गांठ विरघळल्यासारखी दिसते. पण पंपवाल्या मूठभर पेशी मागें उरतात, वाढतात, आणि पुढच्या गांठींत त्यांचेंच राज्य असतें. औषधानें पेशीस शहाणी केली असें म्हणण्यापेक्षां, औषधानें निवड केली असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. कापसाच्या वावरांतही असेंच घडलें. शंभर अळ्या मेल्या, एखादी वांचली, आणि पुढची पिढी त्या वांचलेलीची झाली.

ही तुलना केवळ शोभेची नाहीं. बीटी कापसांतील दुसऱ्या प्रथिनास न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळ्यांचा अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत भारतांतील शेतांतून गोळा केलेल्या अळ्याही होत्या. त्यांच्यांत बिघडलेलें आढळलें तें जनुक याच एबीसी कुळांतील एका वाहकाचें. फरक इतकाच कीं, तेथें गोष्ट उलटी आहे. कर्करोगाची पेशी वाहक वाढवून वांचते. अळी वाहक मोडून वांचते. अळीच्या आंतड्यांतील तो वाहक शाबूत असेल तरच त्या विषाचा प्रभाव पडतो असें दिसतें. वाहकच बिघडला, तर विषास अंमल बसविण्यास ठाव मिळत नाहीं. कर्करोगांतही या दुसऱ्या तऱ्हेचें उदाहरण आहे. मेथोट्रेक्सेट हें औषध फोलेट या जीवनसत्त्वासारखें दिसतें आणि त्या जीवनसत्त्वास आंत घेणाऱ्या वाहकाच्या दारानें पेशींत शिरतें. कांहीं पेशी तें दारच अरुंद करून टाकतात, आणि औषध उंबरठ्याबाहेर राहतें.

पंप सांपडल्यावर तो बंद पाडावा, हा विचार सुचणें ओघानेंच आलें. १९८१ सालीं जपानचे ताकाशी त्सुरुओ यांनीं दाखविलें कीं, हृदयविकारावरील व्हेरापामिल हें औषध जोडीस दिलें, तर निर्ढावलेल्या पेशींवर विनक्रिस्टीन पुन्हां चालूं लागतें. मोठी आशा उत्पन्न झाली. परंतु पंप थांबविण्यास लागणारी व्हेरापामिलची मात्रा हृदयास झेपणारी नव्हती. मग अधिक प्रभावी द्रव्यें शोधण्यांत आलीं. व्हाल्स्पोडार हें त्यांतील एक. त्यानें निराळीच अडचण उभी केली. शरीरांतील औषधाचा निचराही त्यामुळें मंदावला, आणि मूळ औषधाची मात्रा कमी करणें भाग पडलें. त्यानंतरचें झोसुक्विडार हें पंपावर अचूक बसणारें होतें. तरीही रक्ताच्या तीव्र कर्करोगानें पीडित वृद्ध रुग्णांवरील त्याच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यानें रुग्णांचें आयुष्य वाढल्याचें दिसून आलें नाहीं.

या अपयशाचीं दोन कारणें ध्यानांत घेण्यासारखीं आहेत. एक, जो पंप बंद करावयाचा तोच निरोगी अवयवांचें रक्षण करतो. गांठींतला पंप अडवावा आणि आंतड्यांतला व मेंदूंतला तेवढा चालू ठेवावा, अशी सोय अद्याप साधलेली नाहीं. दुसरें, कर्करोगाच्या पेशीजवळ पंप हा एकच उपाय नसतो. ती औषधाचा ज्यावर मारा व्हावयाचा तें लक्ष्यच बदलते, झालेली इजा दुरुस्त करते, किंवा मरण्याचा निसर्गनियत हुकूम धुडकावते. एक वाट बुजविली तर ती दुसऱ्या वाटेनें निसटते.

येथें हळदीचा उल्लेख केला पाहिजे, कारण तिच्या नांवानें पुष्कळ रुग्णांना भुलविलें जातें. कळंबपासून फार दूर नसलेल्या वर्धा जिल्ह्यांतील वायगांवची हळद प्रसिद्धच आहे. हळदींतील कर्क्युमीन व त्याचीं दोन भावंडें पी-ग्लायकोप्रोटीनच्या कामांत अडथळा आणतात, असें थायलंडमधील शास्त्रज्ञ व डॉ. अंबुडकर यांनीं २००४ सालीं दाखविलें. परंतु तें प्रयोगशाळेंतील पेशींवर. पोटांत घेतलेल्या हळदींतून कर्क्युमीन रक्तांत फारच थोडें शिरतें. यास्तव भाजी-वरणांतली हळद हें रुचीचें व रीतीचें द्रव्य आहे, कर्करोगाचें औषध नव्हे. आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्या डॉक्टरांस न सांगतां चालू उपचाराबरोबर घेणें हें अविचाराचें होय. जें द्रव्य पंपास अडवूं शकतें, तें निरोगी अवयवांतील औषधाचा हिशेबही बिघडवूं शकतें.

मग उपाय काय? पहिला उपाय जुना असला तरी अजून खंबीर आहे, आणि तो म्हणजे निरनिराळ्या रीतींनीं मारा करणारीं औषधें एकत्र देणें. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइख यांनीं रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या मुलांना विनक्रिस्टीनसह चार औषधें मिळून दिलीं. विनक्रिस्टीन पंपानें फेकलें गेलें, तरी दुसऱ्या औषधास तो पंप बाहेर काढूं शकेलच असें नाहीं. फार्बर यांच्या काळीं कांहीं महिन्यांत मावळणाऱ्या याच रोगांतून आज सुसज्ज रुग्णालयांत दहांपैकीं आठांहून अधिक मुलें बरीं होतात. दुसरा उपाय म्हणजे पंपाच्या पकडींत न येणारीं औषधें निवडणें. आणि तिसरा, औषधाचा रेणू आंत धाडण्याऐवजीं रोग्याच्याच रक्तांतील संरक्षक पेशींस शिकवून त्यांच्याकडून कर्करोगाचा नाश करविणें. पवईचें आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यानें घडलेल्या नेक्सकार-१९ या अशा उपचारास २०२३ सालीं भारतांत मान्यता मिळाली. बी जातीच्या रक्तपेशींच्या कांहीं कर्करोगांपुरताच तो आहे. पण जी संरक्षक पेशी रोगपेशीस बाहेरून येऊन भिडते, तिला उपसून टाकणें या पंपाच्या आवांक्यांतलें नाहीं. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें, तेव्हां कर्करोगावर औषध असें नव्हतेंच; शस्त्र आणि किरण हेच दोन आधार होते. तेथपासून येथपर्यंतची ही वाटचाल आहे.

ज्या घरांत असा रुग्ण आहे, त्या घरानें या विवेचनांतून तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, गांठ विरघळलेली दिसली म्हणून उरलेल्या औषधाच्या खेपा चुकवूं नयेत. पेरणीचे दिवस आले, प्रवासास पैसे नाहींत, अशीं कारणें खरीं असतात. पण डोळ्यांस न दिसणाऱ्या उरल्यासुरल्या पेशींस सावरण्यास तेवढा अवकाश पुरतो. अडचण असेल तर ती रुग्णालयांतील समाजसेवकास सांगावी. मदतीच्या शासकीय व धर्मादाय योजना असतात, आणि त्या विचारल्यावांचून कळत नाहींत. दुसरी, रक्तदाबाच्या गोळीपासून काढ्यापर्यंत रुग्ण जें जें पोटांत घेतो तें सर्व डॉक्टरांस सांगावें. तिसरी, औषध लागूं पडेनासें झालें तर तो गुन्हा कोणाचा, हें शोधण्यांत दिवस दवडूं नयेत. तें औषध बदलण्याचें लक्षण आहे. आणि बदलण्यासारखें कांहीं उरलें नसेल, तर वेदना कमी करण्याची विद्या रुग्णालयांत आहे, तिचा आधार निःसंकोचपणें घ्यावा.

जो कर्करोग उद्भवलाच नाहीं, त्यावर औषध चालेल कीं नाहीं हा प्रश्न उत्पन्नच होत नाहीं. विदर्भांत खर्ऱ्याच्या पुड्या शाळकरी मुलांच्या खिशापर्यंत पोंचल्या आहेत, आणि तोंडाच्या कर्करोगाचें मूळ तेथें आहे. पेशीच्या दारावरील पंपास हटविणें शास्त्रज्ञांस अजून जमलेलें नाहीं. खर्ऱ्याची पुडी मुलाच्या हातांतून काढून घेणें हें मात्र प्रत्येक घरास जमण्यासारखें आहे.